दुसरी हाक

लांब

"ह्यात सम कुठं आहे?" मी विचारलं.

एदेमनं वाजवणं थांबवलं नाही. "सम म्हणजे?"

"पहिला ठोका. सगळे फिरून येतात आणि मिळतात ती जागा."

"आणि मधल्या वेळात ते कुठं गेलेले असतात?"



चर्चच्या मागं चिंचेखाली सिमेंटचा बाक होता. उपासना संपून लोक पांगले की एदेम तिथं बसायचा. मांडीवर दुहेरी घंटा: एकाच दांड्याला जोडलेली लोखंडाची दोन तोंडं, एक मोठं, एक लहान, आणि वाजवायला लाकडी काडी. ती घंटा त्यानं गावाकडून आणली होती, पेटीत कपड्यांच्या मधोमध गुंडाळून. गाव म्हणजे घाना, त्यातही पूर्वेकडचा, मोठ्या नदीपलीकडचा भाग. मिरजेत तो लॅब टेक्निशियनचा कोर्स करायला आला होता. साल १९८४. मराठी तो आमच्या चर्चमध्ये शिकला, त्यामुळं टपरीवरसुद्धा "मला एक चहा द्यावा अशी नम्र विनंती आहे" असं म्हणायचा, आणि टपरीवाला भर गर्दीत त्याला पहिला चहा द्यायचा.

मला थोडा तबला येत होता. माझा मोठा भाऊ, शांतवनदादा, एका गुरुजींकडं शिकायचा आणि घरी येऊन मला शिकवायचा. त्यामुळं कानाला खोड लागलेली. कुठलाही ठेका आला की आधी सम शोधायची, मग श्वास घ्यायचा. एदेमच्या घंटेत ती सापडेना. वाटायचं इथं आहे, तेवढ्यात त्याचा पाय भलतीकडंच पडायचा.

"लांब, लांब, आखूड," तो म्हणाला. "लांब, लांब, लांब, आखूड. बास. सात. पुन्हा तेच."

"सुरुवात कुठून करू?"

"सुरुवात झालेली आहे, बहीण मार्था. तू आत ये."

त्याच्याकडं टेपरेकॉर्डर होता. तो एकेक कॅसेट लावायचा आणि मला तिच्यात घंटा शोधायला लावायचा. त्याच्या देशातली ट्रंपेट-गिटारवरची नाचाची गाणी. मग क्यूबातली. मग जमैकातली, ज्यात सगळं मागं रेलून चालल्यासारखं वाटतं. मग अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधलं गाणं, एकानं ओळ फेकायची आणि सगळ्यांनी झेलायची. आणि त्याच लोकांचं शनिवारचं गाणं, तेही तसंच, फक्त देवाच्या जागी पोरगी.

"ह्यात घंटा नाही," मी म्हणाले.

"लोखंड नाही. गिटारवाल्याचा उजवा हात ऐक."

मी ऐकला. सात ठोके नव्हते, पाचच होते, पण चाल त्याच घरातली होती.

"गुलाम करून नेलं तेव्हा जहाजावर त्यांना ढोल घेऊ दिले नाहीत," एदेम म्हणाला. "लोखंड होतं ते पायात. तिकडं पोचल्यावर कुणी कुदळीचं पातं वाजवलं, कुणी बाटली. काहीच नव्हतं तिथं टाळ्या. टाळ्या कोण काढून घेणार?"

मी काडीसाठी हात पुढं केला. त्यानं ती दिली.

लांब

दादा 'निळा तारा' ऑर्केस्ट्रात कोंगो, म्हणजे हातानं वाजवायचे उंच ढोल, वाजवायचा. सिनेमातली गाणी स्टेजवर म्हणणारी सांगली-मिरजेकडची मंडळी. कोरेमास्तर अकॉर्डियन वाजवायचे आणि सगळं चालवायचे, बशीरभाई ड्रमसेटवर. मी साइड ऱ्हिदमला: मराकस, त्रिकोण, खुळखुळे, जे हातात देतील ते. मुलगी स्टेजवर म्हटल्यावर पप्पा दोन दिवस जेवले नव्हते. दादाच त्यांच्यापुढं उभा राहिला होता. "माझ्या शेजारी असंल ती, पप्पा. माझा हात पोचंल इतक्या अंतरावर." आणि खरंच, प्रत्येक स्टेजवर तो आधी माझं स्टँड लावायचा आणि मग स्वतःचे कोंगो.

एरवी मी हॉस्पिटलात चादरी-टॉवेलांच्या खोलीत काम करायची. उकळत्या सोड्याचा वास केसांत बसलेला.

एदेमला ऑर्केस्ट्रात मी आणलं. सतारवाल्यांच्या गल्लीतून एक टाकाऊ भोपळा मिळवून त्यानं त्यावर मण्यांची जाळी विणली, झाला मोठा खुळखुळा. बशीरभाईंनी त्याला पहिल्याच दिवशी जवळ बसवलं. "बघा मास्तर, आपण कोंगो-कोंगो करतोय, त्याचे खरे मालक आले. आता भाडं मागतील."

"भाडं नको," एदेम म्हणाला. "एक भजी द्यावी अशी विनंती आहे."

कोरेमास्तरांनी एक कोळीगीत बांधलं होतं. आमच्याकडं समुद्र नाही, कृष्णा आहे, तरी कोळीगीताला शिट्ट्या हमखास. त्याची झुलती चाल एदेमच्या घंटेवर ठेवून बघितली आणि ती अशी बसली, की बशीरभाई काठ्या खाली ठेवून नुसतं ऐकत राहिले. घंटा माझ्याकडं होती.

त्याच आठवड्यात मुंबईहून जव्हेरी आले. कॅसेट कंपनीचे. लाकडाच्या वखारीच्या माडीवर आमची तालीम चालायची, तिथं ते भुशावर रुमाल टाकून बसले आणि डोळे मिटून ऐकलं. गाणं संपल्यावर म्हणाले, "सूर नंतर बघू. ही पोरगी ठेक्यावरून हलत नाही. हिला पाठवा आणि ह्या आफ्रिकावाल्याला. तीन महिन्यांचं काम आहे स्टुडिओत, पुढंही निघेल."

"आणि आमचा शांतवन?" कोरेमास्तर म्हणाले. "कोंगो?"

"कोंगोवाले मला दादरला गल्लीगल्लीत मिळतात, मास्तर. दोनच माणसं. शनिवारी प्रोग्रामला येतो, पब्लिकसमोर एकदा बघतो, मग नक्की."

दादा किल्लीनं कोंगोचे नट आवळत होता. आवळत राहिला.

मला जायचं होतं. दुसरं एक कारणही होतं. कोल्हापूरहून स्थळ आलं होतं, पाळकसाहेबांचा भाचा. मुंबईचं जमलं तर पप्पा त्यांना थांबा म्हणणार होते. नाही जमलं तर नाताळाआधी लग्न.

परतीच्या वाटेवर दादानं एवढंच विचारलं, "राहशील कुठं?"

"भायखळ्याला, मावशीकडं."

"चांगलं झालं," तो म्हणाला.

आखूड

"कोळीगीतातला मुख्य ढोल दादाच्या कोंगोला दे," मी एदेमला म्हणाले.

"तो माझ्याकडं आहे."

"म्हणून तर. तुझं मुंबईचं ठरलंय. त्याच्याकडं काहीच राहिलं नाही."

"आमच्याकडं मुख्य ढोल कुणाचं मन राखायला देत नाहीत."

"इथं देतात."

तो हसला. 

"मुख्य ढोल म्हणजे मोठ्यानं वाजवणं नव्हे, बहीण मार्था. तो हाक देतो. बाकीचे उत्तर देतात. हाक आली की सगळे वळतात आणि पुढची हाक येईपर्यंत तिथंच राहतात. त्याच्याऐवजी दुसऱ्यानं हाक द्यायची नाही. दिली तर त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं."

"आणि घंटा?"

"घंटेला हाक लागू नाही. सगळे भटकून येतील. तू तिथंच राहायचं."

"मी सुटले तर?"

"मग कुणालाच परत यायला जागा नाही."

सोमवारी त्यानं दादाला शिकवायला सुरुवात केली. दादाचे हात चांगले होते. मी हे आधी सांगायला हवं होतं. त्याचे हात फार चांगले होते.

लांब

गुरुवारच्या तालमीला मी नव्हते. हॉस्पिटलात बाहेरून तपासणीची मंडळी येणार होती आणि प्रत्येक वॉर्डाच्या चादरी बदलायच्या होत्या. दादा तालमीहून आला तो शीळ घालत. आईनं भाकरी वाढली, त्यानं आणखी एक मागून घेतली.

"कशी झाली?" मी विचारलं.

"झाली की."

"कोळीगीत घेतलं?"

"घेतलं. तुझ्यावाचून." मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "शनिवारी फक्त तू घट्ट रहा. बाकी माझ्यावर सोड."

मला बरं वाटलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तो माझ्याशी नीट बोलला होता.

शनिवारी साखर कारखान्यावर कामगारांचा मेळावा होता. दुपारचा चारचा कार्यक्रम, मांडव पत्र्याचा, मळीचा आंबूस वास सगळ्या हवेत. पुढं सोफा टाकला होता, त्यावर कारखान्याची दोन मोठी माणसं आणि त्यांच्या बाजूला जव्हेरी, हातात उसाच्या रसाचा पेला. दादानं नेहमीसारखं आधी माझं स्टँड लावलं. पितळी स्क्रू घट्ट पिळला. घंटा अडकवून ती हलते का हे बोटानं पाहिलं.

"हलत नाही," तो म्हणाला.

पहिली दोन गाणी सिनेमाची. तिसरं कोळीगीत.

सुरुवात मी केली, एकटीनं.

लांब, लांब, आखूड.

मग भोपळा आला. एदेम उघड्या पायांनी उभा होता, मण्यांची जाळी मांडीवर आणि तळहातावर आळीपाळीनं पडत होती. मग बशीरभाई. मग बास गिटार, मग अकॉर्डियन, मग दादा. गाणाऱ्या मुलीनं पहिलं कडवं म्हटलं आणि मागच्या रांगांत बाया उभ्या राहून डोलायला लागल्या. ऊस तोडणाऱ्या असाव्यात, डोक्यावर चुंबळी तशाच होत्या. एका म्हातारीचा पाय मी बघितला. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, पण तो एदेमच्या पायाबरोबर पडत होता.

तेव्हा मला सम सापडली, असं म्हणणार होते. तसं नाही. तेव्हा मी ती शोधायची थांबले. घंटा मी वाजवत नव्हते, ती चालली होती आणि मी तिच्या कडेला उभी होते. जव्हेरींनी रसाचा पेला खाली ठेवला. त्यांचा बूट हलत होता. मला दिसलं की काम झालं. मुंबई झाली.

कडव्यानंतर मोकळी जागा होती, फक्त वाद्यांची. दादानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं नाही, सगळ्यांकडं बघितलं. आणि कोंगोवर एक तुकडा वाजवला, तुटक, उंच, दोन्ही हातांनी कडेवर. मी तो कधीच ऐकला नव्हता. हात घसरला, मला वाटलं. आणि सगळे

लांब

सरकले.

फार नाही. अर्ध्या पावलाएवढे. पण सगळे, एका क्षणी. माझ्या पायाखालची फळी तिथंच होती आणि बाकीचं स्टेज कुणीतरी हातभर ओढून घेतल्यासारखं झालं. जिथं बशीरभाईंचा ठोका माझ्या घंटेच्या लहान तोंडावर पडायचा तिथं आता काहीच नव्हतं. माझा प्रत्येक ठोका त्यांच्या दोन ठोक्यांच्या मधल्या खड्ड्यात पडत होता.

मी राहिले.

एक फेरी. ते येतील. आणखी एक. कोरेमास्तर दादाकडं बघत होते. बशीरभाई दादाकडं बघत होते. मला वाटलं, माझ्यापासून वाचवायला ते त्याच्याकडं बघतायत. फक्त एदेम माझ्याकडं बघत होता आणि मान डोलवत होता, हसत होता, दात दिसत होते. का हसतोय हा, असं मनात आलं आणि राग आला.

लांब, लांब, आखूड.

पब्लिकला काय ऐकू येतं? सहा माणसं एकीकडं, एक मुलगी एकीकडं. ज्या बाया नाचत होत्या त्या थबकल्या, एकमेकींना विचारल्यासारखं बघितलं आणि मग सहांच्या बाजूनं पाय टाकू लागल्या. म्हातारीसुद्धा. जव्हेरींचा बूट थांबला. पुन्हा हलायला लागला तो त्यांच्याबरोबर.

दादा खाली मान घालून वाजवत होता. घाम हनुवटीवरून कोंगोवर पडत होता.

मी राहिले. आणखी किती फेऱ्या, माहीत नाही. एदेमचं हसू हळूहळू उतरलं. शेवटी कोरेमास्तरांनी हात वर करून गाणं तोडलं. टाळ्या पडल्या, विरळ, लग्नात पडतात तशा.

मास्तर चिडून दादाकडं वळले. "शांतवन, अरे..." दादानं त्यांना खांद्याला धरून पडद्यामागं नेलं. काय बोलला ते ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा मास्तर माझ्याकडं बघून फक्त म्हणाले, "असू दे पोरी. होतं."

जव्हेरी पण तेच म्हणाले. "पब्लिक बघून मुली घाबरतात. स्टुडिओत एक मिनिट वाया गेलं की पैसे जातात, काय करणार?" मग दादाकडं वळून, "तुझा हात बरा आहे. मंगळवारी ह्याच्याबरोबर तूच ये." एदेमला त्यांनी बोलायला म्हणून आपल्या गाडीत घेतलं.

आम्ही टेम्पोतून आलो, वाद्यांमध्ये बसून. दादानं त्याचा स्वेटर काढून माझ्या पाठीमागं दिला, पत्रा लागू नये म्हणून.

"मी सुटले का रे?" मी विचारलं.

"थोडीशी."

"कुठं?"

"आता सोड ना, मार्था."

"कडव्यानंतर? तुझा हात घसरला तेव्हा?"

बशीरभाई समोर बसले होते. त्यांनी दादाकडं बघितलं आणि बाहेर उसाकडं बघायला लागले.

"माझा हात घसरला नाही," दादा म्हणाला. पाण्याची बाटली उघडून माझ्यापुढं धरली. "पी. आणि रडू नकोस. मी आहे."

मी रडत नव्हते. पण तो म्हणाला म्हणून मग रडले, त्याच्या खांद्यावर.

लांब

रविवारी चिंचेखाली एदेम बसला होता. मांडीवर काही नव्हतं. मला बघून उभा राहिला.

"तू खडकासारखी उभी होतीस," तो म्हणाला. "मी घरी लिहिणार आहे, इथं एक मुलगी आहे म्हणून. पण तुझा भाऊ परत का बोलावत नव्हता?"

"कुठं बोलावत नव्हता?"

"परत. दुसरी हाक."

मी बाकावर बसले. "कुठली हाक, एदेम?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघून मला खूप काही कळलं, त्यानं तोंड उघडायच्या आधी.

"गुरुवारी," तो म्हणाला. आता हळू. "गुरुवारी त्यानं माझ्याकडून दोन हाका मागून घेतल्या. एक बाहेर जायची. एक परत यायची. म्हणाला, जव्हेरींना दिसायला पाहिजे, की सगळे सोडून गेले तरी मार्था हलत नाही. मग मी परत बोलावीन, सगळे तिच्यापाशी येतील, लोक टाळ्या वाजवतील. आम्ही पुन्हापुन्हा बसवलं. तुला सांगायचं नाही असं ठरलं. सांगितलं तर तू तयारीत राहशील, मग त्यात काय राहिलं?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला फार आवडलं ते. मी म्हटलं, काय भाऊ आहे."

"त्यानं दुसरी दिली नाही."

"नाही."

"मास्तरांना काय सांगितलं त्यानं पडद्यामागं?"

"मी पडद्यापाशी होतो. म्हणाला, तुझा ठेका आधीच सुटला होता. सुटलेल्या घंटेवर परत कसं आणू, असं म्हणाला."

"सुटला होता?"

"नाही."

चर्चचा चौकीदार खुर्च्या आत नेत होता. एकात एक घालून.

"तू द्यायची," मी म्हणाले. "दुसरी हाक तुलाही येत होती."

"मुख्य ढोल त्याच्याकडं होता."

"तुला ऐकू येत होतं."

"येत होतं. प्रत्येक फेरीला वाटत होतं, आता देईल. आता." तो थांबला. "मी जव्हेरींना सांगेन."

"काल त्यांच्याच गाडीत होतास. त्यांनी विचारलं नाही?"

"विचारलं. मुलीचं काय झालं म्हणून."

"मग?"

"मी म्हणालो, मला माहीत नाही." आणि मग खूप हळू, त्या त्याच्या चर्चमधल्या मराठीत, "भावाविषयी परक्याने कसे बोलावे, हे मला समजले नाही."

घरी आई शंकरपाळे तळत होती, मुंबईच्या डब्यासाठी. दादा मागच्या खोलीत कोंगोच्या चामड्याला तेल लावत होता, गोल गोल, अंगठ्यानं.

"दुसरी हाक का दिली नाहीस?"

अंगठा थांबला. "एदेम बोलला वाटतं."

"का दिली नाहीस?"

"विसरलो."

"दादा."

त्यानं फडकं खाली ठेवलं. "देणार होतो. तू हलशील असं वाटलं. एक-दोन फेऱ्यांत येशील आमच्याकडं, कुणालाही वाटंल तसं. आली असतीस तर दिली असती. आईशप्पथ. मी वाट बघत होतो. तू एकदा तरी माझ्याकडं बघितलंस?"

"घंटा येत नाही."

"घंटा नाही गं. तू." त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला, आई ऐकंल म्हणून. "पप्पांशी भांडून तुला स्टेजवर आणलं मी. तो माणूस माझ्यासमोर म्हणतो, कोंगोवाले गल्लीत मिळतात. तू तिथंच होतीस. एक शब्द बोललीस? जाणार नाही म्हणू नकोस, पण एक शब्द?"

मुख्य ढोल तुला कुणामुळं मिळाला, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते बोलले नाही. अजूनही त्याला माहीत नाही.

"काय चाललंय रे तुमचं दोघांचं?" आईनं चुलीपासून विचारलं.

"काही नाही," आम्ही म्हणालो. दोघांनी, एकदम.

आखूड

सोमवारी पप्पांनी कोल्हापूरला होकार कळवला. मंगळवारी सकाळी टांगा दारात आला. एदेम पेटी घेऊन आधीच आत बसला होता, तो उतरून आमच्यात येऊन उभा राहिला.

आमच्या घरात कुणी प्रवासाला निघालं की उंबऱ्यापाशी उभं राहून प्रार्थना करायची, आणि ती सगळ्यात धाकट्यानं. धाकटी मी. सगळ्यांनी हात धरले. दादाचा हात माझ्या उजव्या हातात आला, तेलकट, गरम. डोळे मिटले.

मी गाडीसाठी मागितलं. मावशीच्या घरासाठी मागितलं. त्यांच्या हातांसाठी, कामासाठी, रोजच्या भाकरीसाठी मागितलं. आईनं हुंदका आवरला. आता एवढंच उरलं होतं, की हे सर्व येशूच्या नावानं मागतो असं मी म्हणायचं आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. ते मागणाऱ्यानं म्हटल्याशिवाय बाकीच्यांना काही म्हणता येत नाही.

मी थांबले.

टांग्याच्या घोड्यानं पाय आपटला. पप्पा खाकरले. आईनं माझा डावा हात दाबला, मग पुन्हा दाबला. "मार्था," ती पुटपुटली. एदेमनं मान आणखी खाली घातली.

दादानं डोळे उघडले. माझे आधीच उघडले होते.

"गाडी चुकंल," पप्पा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

 दादाचा हात माझ्या हातात ओला होत गेला. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी त्याच्याकडं बघत राहिले.

"आमेन," दादा म्हणाला.

त्याच्यामागून कुणीच म्हटलं नाही.